आनुवंशिक कर्करोग : नात्यांची वंशावळ आणि जगण्याची वाट

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्यासाठी झालेल्या व्याख्यानाची संहिता)



मराठी शाळेत नात्यांचे शब्द लहान वयातच पक्के करून घेतले जातात. वडिलांची बहीण ती आत्या, आईची बहीण ती मावशी, काकांची पत्नी काकू आणि मामाची पत्नी मामी. भावंडांतही चुलत, आते, मामे आणि मावस असा भेद केला जातो. इंग्रजीत मात्र या चौघींसाठी एकच शब्द पुरतो. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलांच्या तोंडी हल्ली तोच शब्द अधिक बसला आहे. भाषेच्या दृष्टीने ही हानी आहेच. पण कर्करोगतज्ज्ञाच्या खोलीत ती निराळ्याच प्रकारे जाणवते. "आमच्या एका आंटीला कॅन्सर झाला होता," एवढ्या वाक्यावरून डॉक्टरांना काहीच उमगत नाही. ती आंटी काकू किंवा मामी असेल, तर एरवी तिच्या आजाराचा सांगणाऱ्याच्या रक्ताशी संबंध नसतो. ती आत्या असेल, तर वडिलांकडच्या बाजूचा विचार करावा लागतो; मावशी असेल, तर आईकडच्या. जे काम आपल्या भाषेने एका शब्दात करून ठेवले आहे, तेच आनुवंशिक कर्करोगाच्या निदानाचे पहिले पाऊल आहे.

आजच्या विषयाचे सार एका वाक्यात सांगता येईल. पिढ्यान्‌पिढ्या वारशाने येतो तो कर्करोग नव्हे, कर्करोगाचा धोका; आणि हा धोका हाताळण्याचे पहिले साधन म्हणजे कुटुंबातील माणसांनी एकमेकांना सांगितलेली खरी माहिती. औषधे, यंत्रे आणि शस्त्रक्रिया त्यानंतर येतात.

या ज्ञानाचा आरंभही एका स्त्रीने सांगितलेल्या कौटुंबिक हकिकतीपासून झाला. १८९५ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील विकृतिशास्त्रज्ञ आल्ड्रेड वॉर्थिन यांना शिवणकाम करून पोट भरणारी एक स्त्री भेटली. ती खिन्न दिसत होती. घरातील अनेक माणसे पोटाच्या, आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली, तसाच आपलाही शेवट होणार, असे तिने त्यांना सांगितले. वॉर्थिन यांनी ते बोलणे मनाची दुर्बलता म्हणून झटकून टाकले नाही. त्यांनी तिच्या घराण्याच्या नोंदी जमवल्या आणि १९१३ साली त्या प्रसिद्ध केल्या. ती स्त्री तोवर गर्भाशयाच्या कर्करोगाने वारली होती. तिने ओळखले होते ते खरे ठरले. मात्र तिला वाचवण्यासाठी लागणारे ज्ञान त्या काळी कोणाजवळही नव्हते.

पुढे अर्धशतकाने नेब्रास्कामधील डॉ. हेन्री लिंच यांनी हाच धागा उचलला. मद्याच्या आहारी गेलेल्या एका रुग्णाने त्यांना सांगितले, की घरातले सगळेच आतड्याच्या कर्करोगाने मरतात, आपणही मरणार, म्हणून तो पितो. १९६६ साली लिंच यांनी अशा दोन मोठ्या घराण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कर्करोगाचे कारण आनुवंशिक असू शकते, हे त्या काळी फारसे कोणी मान्य करीत नव्हते. संशोधनासाठी मागितलेला निधी त्यांना पुनःपुन्हा नाकारला गेला. आज त्याच विकाराला 'लिंच सिंड्रोम' म्हणतात. त्याला कारणीभूत असणारी जनुके १९९३ सालापासून एकेक करून सापडत गेली, आणि शिवणकाम करणाऱ्या त्या स्त्रीच्या घराण्यातला दोषही शतकभरानंतर हाती आला.

या कालखंडातले एक नाव मराठी शाळेच्या व्यासपीठावरून आवर्जून घ्यायला हवे. डॉ. कमल रणदिवे, पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ, यांचा जन्म १९१७ साली पुण्यात झाला. त्यांचे शालेय शिक्षण हुजूरपागेत झाले. टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली काम करून त्यांनी १९४९ साली पीएच.डी. मिळवली. त्यानंतर अमेरिकेत, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी पेशी शरीराबाहेर वाढवण्याचे तंत्र आत्मसात केले आणि मुंबईला परतून भारतातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. उंदरांच्या निरनिराळ्या वाणांवर काम करून स्तनाचा कर्करोग, आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परसंबंध तपासणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. मराठी मुलींच्या शाळेतून निघालेली एक विद्यार्थिनी या प्रश्नाला भिडली, तेव्हा जगातही त्याविषयी फार थोडे ठाऊक होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वारशाने नेमके काय येते? माणसाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत बहुतेक जनुके जोडीने असतात. जोडीतले एक जनुक आईकडून येते, दुसरे वडिलांकडून. पेशींचे विभाजन होताना डीएनएच्या धाग्यात चुका होतात, कधी धागा तुटतोही. तो दुरुस्त करण्याचे काम काही जनुकांकडे असते. 'बीआरसीए-१' आणि 'बीआरसीए-२' ही अशीच दोन दुरुस्ती करणारी जनुके आहेत. "तिच्यात बीआरसीए आहे" असे बोलण्याची रीत पडली आहे. पण ही जनुके प्रत्येक स्त्रीत आणि प्रत्येक पुरुषात असतात. काहींच्या बाबतीत जोडीतल्या एका जनुकात जन्मतःच बिघाड असतो, एवढाच फरक. दुसरे जनुक शाबूत असेपर्यंत काम चालते. एखाद्या पेशीत तेही निकामी झाले, की दुरुस्ती थांबते, चुका साचू लागतात आणि त्यातून कर्करोग उद्‌भवू शकतो. आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ साली लहान मुलांच्या डोळ्यांतील कर्करोगाच्या ४८ नोंदी तपासून ही 'दोन आघातां'ची कल्पना मांडली. आनुवंशिक दोष असणाऱ्यांच्या बाबतीत पहिला आघात जन्माआधीच झालेला असतो. त्यामुळे त्यांना कर्करोग तरुण वयात होण्याचा संभव अधिक असतो.

या दोन जनुकांपैकी पहिल्याचा माग मेरी-क्लेअर किंग यांनी लावला. अनेक वर्षे घराण्यांच्या वंशावळी तपासून त्यांनी १९९० साली ते जनुक सतराव्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवले. १९९४ साली प्रत्यक्ष जनुक हाती आले. दुसरे जनुक तेराव्या गुणसूत्रावर असल्याचे त्याच वर्षी समजले आणि १९९५ साली तेही ओळखले गेले.

या माहितीतून निघणारे तीन निष्कर्ष प्रत्येक कुटुंबाने लक्षात ठेवावेत.

पहिला निष्कर्ष असा, की सर्व कर्करोगांपैकी साधारण ५ ते १० टक्केच अशा प्रबळ आनुवंशिक दोषामुळे होतात. घरात एकाला कर्करोग झाला म्हणून तो 'घराण्यात आहे' असे मानणे चूक आहे. शंका घ्यावी ती काही विशिष्ट खुणा दिसल्यास. स्तनाचा किंवा आतड्याचा कर्करोग पन्नाशीच्या आत होणे, दोन्ही स्तनांत होणे, एकाच व्यक्तीला दोन निराळे कर्करोग होणे, अंडाशयाचा कर्करोग कोणत्याही वयात होणे, पुरुषाला स्तनाचा कर्करोग होणे, किंवा एकाच बाजूच्या दोन-तीन पिढ्यांत सारखे कर्करोग आढळणे, या त्या खुणा होत.

दुसरा निष्कर्ष असा, की हा दोष आईइतकाच वडिलांकडूनही येतो. प्रत्येक अपत्यात, मग तो मुलगा असो वा मुलगी, तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. स्तनाचा आणि अंडाशयाचा कर्करोग हे 'बायकांचे दुखणे' ठरल्यामुळे वडिलांकडची बाजू विचारलीच जात नाही. वडील ठणठणीत असतात, त्यांना बहीण नसते, आणि आजीचे निदान कोणी लिहून ठेवलेले नसते. दोष मात्र निमूटपणे नातीपर्यंत पोचलेला असतो. शिवाय पुरुषही यातून सुटत नाहीत. बीआरसीए-२ मधील दोषामुळे प्रोस्टेट ग्रंथीच्या आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

तिसरा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा. धोका म्हणजे भविष्यवाणी नव्हे. जवळपास १०,००० स्त्रियांच्या निरीक्षणांवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार सदोष जनुक असलेल्या स्त्रीला वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७० टक्के असते. अंडाशयाच्या कर्करोगाची शक्यता बीआरसीए-१ मध्ये सुमारे ४४ टक्के, तर बीआरसीए-२ मध्ये सुमारे १७ टक्के असते. हे आकडे सर्वसाधारण स्त्रीच्या तुलनेत खूप मोठे आहेत, यात शंका नाही. परंतु काही स्त्रिया सदोष जनुक बाळगूनही आयुष्यभर निरोगी राहतात, हेही त्याच आकड्यांतून दिसते. पत्रिकेतल्या ग्रहासारखे याकडे पाहू नये. पुराच्या काठी राहणारा माणूस पाण्याची पातळी पाहत राहतो, सामान वरच्या मजल्यावर ठेवतो आणि वेळ आली तर घर हलवतो. या धोक्याकडेही त्याच सावधपणाने पाहावे.

तपासणी कशी होते, हेही समजून घेतले पाहिजे. रक्ताचा किंवा लाळेचा नमुना पुरतो. खरा कष्टाचा भाग आधीचा आणि नंतरचा. शक्य असेल तेव्हा प्रथम ज्या व्यक्तीला कर्करोग झाला आहे, तिचीच चाचणी करावी. तिच्यातला दोष नेमका कळला, की नातेवाइकांत तेवढाच शोधणे सोपे होते आणि 'नाही' या उत्तराला अर्थ येतो. चाचणीपूर्वी आणि चाचणीनंतर जनुकीय समुपदेशकाशी बोलणे आवश्यक आहे, कारण उत्तरे दोन नसून तीन असतात : दोष आहे, दोष नाही, आणि बदल सापडला पण त्याचा अर्थ आज सांगता येत नाही. जगातील जनुकीय माहितीसाठ्यात भारतीयांचे प्रमाण कमी असल्याने हे तिसरे उत्तर आपल्याकडे अधिक वेळा मिळते. त्या उत्तरावर विसंबून कोणतीही शस्त्रक्रिया करू नये. प्रौढ वयात होणाऱ्या अशा कर्करोगांसाठी लहान मुलांची चाचणी सहसा केली जात नाही. सज्ञान झाल्यावर हा निर्णय त्यांनी स्वतः घ्यायचा असतो.

दोष आढळला तर पुढे काय? पहिली वाट सतर्क देखरेखीची. साधारण पंचविशीपासून दरवर्षी स्तनांचे एमआरआय आणि तिशीपासून मॅमोग्राफी करण्याचा सल्ला दिला जातो. लिंच सिंड्रोममध्ये दर एक-दोन वर्षांनी दुर्बिणीतून मोठ्या आतड्याची तपासणी होते. कर्करोगाचे रूप घेण्याआधीच गाठी त्याच वेळी काढून टाकता येतात, म्हणजे ही तपासणी स्वतःच प्रतिबंध ठरते. लिंच सिंड्रोम असलेल्यांना दीर्घकाळ ॲस्पिरिन दिल्यास आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण घटते, हेही शास्त्रीय प्रयोगांतून सिद्ध झाले आहे. अर्थात ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचे असते.

दुसरी वाट शस्त्रक्रियेची. अंडाशयाचा कर्करोग वेळेत पकडणारी भरवशाची तपासणी आजही उपलब्ध नाही. म्हणून अपत्ये झाल्यानंतर, बीआरसीए-१ असल्यास साधारण ३५ ते ४० आणि बीआरसीए-२ असल्यास ४० ते ४५ या वयात अंडाशय व बीजवाहिन्या काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. दोन्ही स्तन काढण्याची प्रतिबंधक शस्त्रक्रिया स्तनाच्या कर्करोगाचा धोका ९० टक्क्यांच्या आसपास कमी करते. २०१३ साली अभिनेत्री अँजेलिना जोली यांनी स्वतःच्या अशा शस्त्रक्रियेविषयी जाहीरपणे लिहिले, तेव्हा हा विषय जगभर घरोघरी पोचला. तथापि निरोगी अवयव काढून टाकणे ही हलकी गोष्ट नव्हे. ऐन तारुण्यात रजोनिवृत्तीला सामोरे जावे लागते, हाडे ठिसूळ होऊ शकतात, स्वतःच्या देहाशी असलेले नाते बदलते. दोन बहिणींत एकीने शस्त्रक्रिया स्वीकारली आणि दुसरीने देखरेखीची वाट धरली, तर दोघीही बरोबर असू शकतात. ज्या बहिणीत दोष निघत नाही, तिलाही पुष्कळदा अपराधीपणा वाटतो. "मीच का सुटले?" हा प्रश्न तिला छळतो. तिचेही ऐकून घ्यायला हवे.

उपचारांच्या बाबतीत गेल्या दोन दशकांत मोठा पालट झाला आहे. दुरुस्तीचा एक मार्ग बंद पडलेल्या पेशी दुसऱ्या मार्गावर जगतात. तो दुसराही मार्ग औषधाने रोखला तर कर्करोगाच्या पेशी मरतात आणि निरोगी पेशी तगतात, हे २००५ साली प्रयोगशाळेत दिसून आले. त्यातूनच 'ओलापारिब'सारखी औषधे घडली. २०१४ साली त्याला अंडाशयाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. सुरुवातीच्या टप्प्यातील स्तनाच्या कर्करोगातही योग्य रुग्णांना त्याचा लाभ होतो, हे २०२१ साली स्पष्ट झाले. ज्या दोषाने रोग आणला, तोच दोष उपचाराचे लक्ष्य झाला. लिंच सिंड्रोममधील कर्करोगांवर रोगप्रतिकारशक्तीला चालना देणारी औषधे विशेष परिणामकारक ठरतात, असाही अनुभव आहे. म्हणून जनुकीय चाचणी ही आता केवळ नातेवाइकांसाठी राहिलेली नाही; रुग्णाला कोणते औषध द्यायचे, हेही त्यावरून ठरते.

महाराष्ट्राबाहेरील मराठी कुटुंबांत कर्करोगाचे निदान झाले, की परळला टाटा मेमोरियलमध्ये जायचे आणि मुंबईतल्या नातेवाइकांकडे उतरायचे, ही जुनी रीत आहे. १९४१ साली सुरू झालेल्या त्या रुग्णालयाचे महत्त्व अबाधित आहे आणि खारघर येथील त्याच्या केंद्रात कर्करोगाच्या आनुवंशिकतेवर संशोधनही चालते. परंतु आता वाराणसी, गुवाहाटी, विशाखापट्टणम यांसारख्या ठिकाणीही टाटा मेमोरियल केंद्राची रुग्णालये आहेत आणि देशभरातील अनेक कर्करोग रुग्णालये राष्ट्रीय कर्करोग जाळ्याने जोडली गेली आहेत. पहिला सल्ला जवळच्या शहरात मिळू शकतो.

विज्ञानाची प्रगती अशी सांगता येते. तिच्या वाटेतील मोठा अडसर मात्र घरातच असतो.

एक काल्पनिक कुटुंब डोळ्यांसमोर आणू. बडोद्यात राहणाऱ्या एका बाईंना ४८ व्या वर्षी अंडाशयाचा कर्करोग होतो. चाचणीत बीआरसीए-१ मधील दोष सापडतो. त्यांची आई बेचाळिसाव्या वर्षी 'छातीतल्या गाठी'ने गेली होती. समुपदेशक सांगतात, की हे भावालाही कळवा. भाऊ दिल्लीला असतो आणि त्याला दोन मुली आहेत. बहीण फोन करते. भाऊ थोडा वेळ गप्प राहतो आणि म्हणतो, "ताई, थोरलीचं लग्न ठरतंय. आत्ता हा विषय नको." बहीण फोन ठेवते आणि पुढे तो विषय दोघांपैकी कोणीही काढत नाही.

त्या भावाला दोष देणे सोपे आहे. पण त्याची भीती खोटी नाही. सोयरीक मोडते, लोक कुजबुजतात, धाकटीच्या लग्नालाही अडचण येते, हे त्याने आसपास पाहिलेले असते. जनुकीय माहितीवरून विमा व नोकरीत भेदभाव होऊ नये म्हणून अमेरिकेने २००८ साली कायदा केला; भारतात तसा स्वतंत्र कायदा नाही. तरीही त्या मौनाची किंमत कोण मोजते, हा प्रश्न उरतोच. थोरलीचे वय २७ असेल, तर तिची देखरेख आजच सुरू व्हायला हवी होती. दोष तिच्यात नसण्याची शक्यता चारांत तीन एवढी आहे. तसे निघाले असते तर ती आणि तिची होणारी मुले त्या चिंतेतून कायमची मोकळी झाली असती. मौनामुळे धोकाही कळत नाही आणि सुटकाही कळत नाही. शिवाय ही माहिती वडिलांच्या मालकीची नाही. सज्ञान मुलीच्या देहाविषयीची माहिती तिची आहे. ती घ्यायची की नाही, चाचणी करायची की नाही, कोणाला कधी सांगायचे, हे तिने ठरवायचे आहे. तिच्या वतीने 'नको' म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

प्रत्यक्ष सांगणे जड जात असेल, तर एक मध्यम मार्ग आहे. नातेवाइकांना देण्यासाठी समुपदेशक पत्र तयार करून देतात. त्यात कोणता दोष सापडला, कोणाला धोका संभवतो आणि कोठे जावे, एवढेच असते. आत्याने ते पत्र भाचीच्या हाती द्यावे आणि पुढचे तिच्यावर सोपवावे.

मराठी समाजात कुलवृत्तांत छापण्याची चांगली परंपरा आहे. मूळ गाव, कुलदैवत, शाखा, कर्तबगार पूर्वज यांच्या नोंदी त्यांत निष्ठेने केलेल्या असतात. मात्र अशा वंशवेली बहुधा मुलग्यांच्या फांदीने वाढतात. सासरी गेलेल्या मुली त्यांतून निसटतात आणि मृत्यूचे कारण तर क्वचितच लिहिलेले असते. रक्ताचा वारसा असा भेद करीत नाही. पोटापाण्यासाठी इंदूर, हैदराबाद, दिल्ली किंवा परदेशी पांगलेल्या कुटुंबांत तर ही माहिती एका पिढीतच नाहीशी होते. ती टिकवायला फार काही लागत नाही. एका कागदावर तीन पिढ्या मांडाव्यात. आईची बाजू आणि वडिलांची बाजू वेगवेगळी ठेवावी. ज्याला कर्करोग झाला त्याच्या नावापुढे अवयव आणि निदानाचे वय लिहावे. 'पोटाचा विकार' असे न लिहिता शक्य तेवढे नेमके लिहावे. जुने अहवाल जपून ठेवावेत. हे काम आजी, आजोबा, आत्या आणि मावशी आहेत तोवरच होऊ शकते, कारण ती माहिती त्यांच्याच स्मरणात आहे.

मित्रहो, एके काळी शिवणकाम करणाऱ्या त्या स्त्रीजवळ माहिती होती, पण विज्ञानाजवळ उत्तर नव्हते. आज उत्तरे पुष्कळ आहेत. अनेक घरांत माहितीच पुढे येत नाही. ज्या शाळेने नात्यांचे शब्द शिकवले, तिच्या हीरक महोत्सवाच्या निमित्ताने प्रत्येक कुटुंबाने तो एक कागद लिहून पुरा करावा, आणि तो मुलग्यांप्रमाणेच मुलींच्याही हाती द्यावा.